डावी बाजू

माझ्या गाडीच्या डाव्या चाकांवर
नांदेडचा नकाशा कोरलाय.
हा लांब ओरखडा वजिराबादचा,
हा अर्धगोल तरोडा नाक्यावरच्या मेडिकलच्या पायरीचा,
आणि रिमच्या काठाला हे जे पिवळे कण अडकलेत
ते सगळे डॉक्टर लेनमधले,
सोमवार, बुधवार, शनिवार,
सकाळी सव्वासातचे.

तेजपालसिंग गाडीवाले
(आडनाव आधीचं, टायरचं दुकान नंतरचं)
उकिडवा बसून त्यांवरून बोट फिरवतो.
"ताई, इतकं चिकटून कामून लावता?
फूटभर सोडलं तर काय बिघडतंय?"

फूटभर सोडलं
तर नाना आधी रस्त्यावर उतरतात,
मग फुटपाथवर चढतात.
उतरणं आणि चढणं ही दोन वेगळी कामं आहेत
हे मला त्यांच्या गुडघ्यांनी शिकवलं.
दार आणि फुटपाथ अगदी लगत आले
की एकाच पावलात भागतं.
हे त्याला सांगितलं नाही.
"सवय लागलीय," म्हटलं.

नाना प्लास्टिकच्या खुर्चीत.
डावा हात मांडीवर, उपरण्याखाली,
दिवसाआड सुया घेणारा हात.
उजवा अजून कात्रीचाच,
रिकामा असला तरी अंगठा आणि बोट
काहीतरी कापत असतात.

तेजपालसिंगनं तीन टायर काढले.
पहिला स्वस्त, पण अंगानं बारीक.
त्यातून रिम बाहेर डोकावते,
आखूड बाहीतून मनगट दिसावं तशी.
दुसरा देखणा, बुटका.
"हा पोरं नेतात. खड्डा आला की रबर चेपतं
अन् डायरेक्ट रिम वाजते. तुम्ही नका घेऊ."
तिसऱ्याच्या कुशीला,
रिम जिथं सुरू होते तिथंच,
रबराची एक कड उठून आलेली,
करंगळीच्या नखाएवढी बाहेर.

"घासायचं ते ही घासून घेते," तो म्हणाला.
"हळू लागलं तर. जोरात चढवलंत
तर कुणी वाचवत नाही. टायर नाही, मी नाही."

नाना उठले.
मुखेडच्या पेठेत चाळीस वर्षं बसलेला माणूस
टायरपुढं वाकला,
कडेवरून अंगठा नेला, थांबला,
पुन्हा नेला.
"फॉल हाय हा," म्हणाले.
"साडीचा काठ जमिनीला लागू नये म्हणून लावतो ना, तसा.
फॉल फाटतो. फाटू द्यावा."
"बाबा," तेजपालसिंग हसत म्हणाला,
"सव्वासहा हजाराचा फॉल!"

मी मनात हिशेब मांडला.
"डावीकडचे दोनच द्या.
उजवीकडं मी कुणाला उतरवत नाही."
"तसं नसतं ताई. जोडी आडवी लागते.
एक नवा, एक झिजका असला एका आसाला
की ब्रेक मारल्यावर गाडी वाकडी धावते.
मागची जोडी घ्या. पुढची बघू सवडीनं."
म्हणजे निम्मे पैसे
ज्या बाजूला कधी काही लागत नाही
त्या बाजूसाठी.
घेतली.

बुधवारी, सव्वासातला,
मागं रिक्षा हॉर्न वाजवत होती.
मी गाडी आत घेतली, अजून आत.
पुढचं चाक नेहमीसारखं किंचाळलं
आणि मी नेहमीसारखे दात आवळले.
मग मागून नुसतं
खस्स,
फरशीवरून गोधडी ओढावी तसं.

"मागचं बसलंय बरोबर," नाना म्हणाले,
गिऱ्हाइकाच्या पाठीकडं बघून म्हणायचे त्याच आवाजात.
दार उघडलं. एक पाऊल.
उपरणं सावरलं आणि गेले आत.

उतरून बघायचं राहिलं.
रिक्षावाला ओरडत होता.
पुढच्या रिमला नवा पिवळा लागला असणार,
लागू दे,
दिवाळी फार लांब नाही.